शंका आली, आता जायचं कुणाकडे?

प्रश्न : मी वसईचा. मुंबईत धर्मगुरू चालवतात त्या कॉलेजात शिकतो, त्यांच्याच हॉस्टेलवर राहतो. यंदा तत्त्वज्ञान घेतलं आणि येशूच्या पुनरुत्थानापाशी मन अडखळू लागलं. कम्युनियन (मिस्सेत म्हणजे चर्चच्या उपासनेत मिळणारा ख्रिस्तप्रसाद) घेताना ढोंग वाटतं. पापनिवेदनात, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली देताना, बोलावं, तर समोर हॉस्टेलचे रेक्टरच!

उत्तर : रेक्टरांचं आधी बघू, कारण तो प्रश्न सोपा आहे. कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या ९८५व्या कलमानुसार शिक्षणसंस्थेच्या रेक्टरने त्याच वास्तूत राहणाऱ्या विद्यार्थ्यांचं पापनिवेदन ऐकू नये. विद्यार्थ्याने एखाद्या वेळी आपणहून मागितलं तरच ऐकावं. हॉस्टेलचा प्रवेश ज्याच्या हाती, त्याच्यापुढे मन उघडावं लागू नये, हा हेतू. तेव्हा खुशाल जवळच्या चर्चमध्ये जा.

पण शंकेची चर्चा पापनिवेदनाच्या रांगेत करू नका. मागे दहाजण उभे असतात. फादर दोन वाक्यांत धीर देतात आणि तुम्हाला वाटतं, टाळलं. अर्ध्या तासाची वेगळी वेळ मागा. मात्र पापनिवेदनाला गुप्ततेची जी अभेद्य मोहोर आहे (कलम ९८३), ती साध्या गप्पांना नाही. ‘हे आपल्यातच राहू द्या’ असं सुरुवातीलाच सांगा.

कम्युनियनबद्दल : १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद २०८८) दोन शंका वेगळ्या काढल्या आहेत. शिकवण खरी मानायलाच जाणूनबुजून नकार देणं ही एक. आक्षेपाला उत्तर न सापडल्याने मन कचरणं ही दुसरी. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची दुसरी दिसते. ती गंभीर पाप नाही, तिच्यापायी कम्युनियन सोडू नका. उद्या ठाम नकारापर्यंत पोहोचलात, तर मात्र कम्युनियनला न जाता बाकावर बसून राहणं प्रामाणिकपणाचं. (वसईत बाकावर बसलं की मागच्या रांगेत कुजबुज होते. होऊ द्या.)

आता मूळ अडचण. आक्षेप एका वाक्यात लिहून काढा. तो इतिहासाचा आहे, तत्त्वज्ञानाचा, की एखाद्या फादरांवरचा राग? हा तिसरा फार वेळा पहिल्याचा वेश घेऊन येतो आणि मग कितीही वाचलं तरी शमत नाही. इतिहासाचा असेल तर चारही शुभवर्तमानांचे (बायबलमधल्या येशूच्या चरित्रांचे) शेवट जुळवत बसू नका. रिकाम्या कबरीपाशी मार्क एक तरुण सांगतो, मत्तय एक देवदूत, लूक दोन पुरुष, योहान दोन देवदूत; तिथेच दमछाक होते. सुरुवात बायबलमधल्या, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रापासून करा (१ करिंथ १५:३–८). हे पत्र इ.स. ५५च्या सुमाराचं, चारही शुभवर्तमानांच्या आधीचं. आपल्याला मिळालेलं तेच पुढे देतोय, असं पौल तिथे सांगतो. म्हणजे साक्ष त्याहून जुनी. मग तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांना विचारा : चमत्कार अशक्य, हा निष्कर्ष आहे की गृहीतक?

आणि परीक्षेच्या आठवड्यात काही ठरवू नका. मन कोरडं पडलेलं असताना आधीचा निर्णय बदलू नये, हा जेझुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांचा नियम.

प्रश्न : महिन्याच्या पहिल्या शुक्रवारच्या मिस्सेला कॉलेज हजेरी घेतं. सक्ती चालते का?

उत्तर : नाही. राज्याने मान्यता दिलेल्या किंवा अनुदानित संस्थेत उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही : संविधान, अनुच्छेद २८(३). संमती लागते, अठराच्या आतल्यांसाठी पालकांची. हे कॅथलिक विद्यार्थ्यालाही लागू. रविवारच्या मिस्सेचं बंधन चर्चचं आहे, त्याची हजेरी ऑफिसात लागत नाही.