ती बोलत नाही, नुसती उसवत बसते

परवा एका ताईंचा फोन आला, त्या निर्वासित बायकांच्या हस्तकला वर्गात शिकवतात. म्हणाल्या, "मॅडम, एक बाई चार महिने येतायत पण कुणाशी बोलत नाहीत, केलेलं काम पण उसवून टाकतात, मी त्यांना बोलतं करायला हवं ना? की माझ्याकडूनच त्यांचं काही बिघडतंय?" या कामात असलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हा प्रश्न मला कधी ना कधी विचारलाय. मी त्यांना एका बाईंबद्दल सांगितलं तेच इथे लिहिते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

त्या बाई कंदाहारच्या, पंचेचाळीशीच्या. वर्गाकडून आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, मोठा मानसिक आघात, सहकार्य करत नाहीत. पहिल्या भेटीला दुभाषी म्हणून त्यांची चौदा वर्षांची मुलगीच बसली होती कारण भाषा येणारं दुसरं कुणी मिळालं नव्हतं. मी विचारलं झोप लागते का, बाई बराच वेळ काहीतरी सांगत होत्या, मधेच थांबल्या, पुन्हा बोलल्या आणि मुलगी खाली बघत म्हणाली, "लागते म्हणते." बस, मी तिथेच थांबवलं सगळं. आईचं दुःख लेकीच्या तोंडून वदवून घ्यायचं हे दोघींवरही अन्याय आहे, आणि कुठली आई आपल्या पोरीसमोर खरं बोलेल? मोठ्या वयाची, त्यांच्या नात्यातली किंवा वस्तीतली नसलेली दुभाषी बाई शोधायला तीन आठवडे गेले, पण ते तीन आठवडे सत्कारणी लागले असं मी आजही म्हणेन.

मधल्या काळात मी वर्गात जाऊन नुसती बसायचे. काम होतं मॅटीच्या, म्हणजे मोठाली घरं असलेल्या जाडसर कापडावर जाड दोऱ्याने क्रॉस स्टिच, पिशव्यांसाठी. या बाई एक ओळ भरायच्या, कापड उलटं करून मागची बाजू बघायच्या आणि कात्रीच्या टोकाने टाका न् टाका काढून टाकायच्या, सावकाश, कापडाला भोक न पडू देता. सगळ्यांना वाटत होतं आघातामुळे असं करतायत. खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं, प्रश्नांची यादी तयार होती माझी.

दुभाषी मिळाल्यावर ती यादी बाजूला ठेवून मी एवढंच विचारलं की हे का उसवलंत? आणि बाई वीस मिनिटं बोलल्या! कंदाहारकडे खामक नावाचं भरतकाम असतं, आधी काही छापत नाहीत, कापडाचे उभे-आडवे धागे मोजत रेशमाने इतके बारीक टाके भरतात की नक्षी विणल्यासारखी दिसते. नवऱ्या मुलाच्या सदऱ्यावर ते असतं, शालींवर असतं. त्यांनी सुईच्या टोकाने माझ्या ओढणीचे धागे मोजून दाखवले आणि म्हणाल्या, मागची बाजू बघून बाईची पारख होते. आम्ही त्यांच्या हातात मॅटी आणि सुतळीएवढा दोरा दिला होता आणि वर शिकवत होतो, एक घर सोडून एक. त्यांना स्वतःच्याच कामाची लाज वाटत होती, आणि ती लाज आमच्यामुळे होती.

मग बारीक कापड आलं, रेशीम आलं. पैसे नगावर होते ते तासावर केले, कारण बारीक काम करणारीला नगाच्या हिशोबात उपाशीच राहावं लागतं. हे दुसरं जास्त अवघड गेलं, समितीत वाद झाले, पण त्याशिवाय पहिल्याला काही अर्थ नव्हता.

तरी मधे दोन आठवडे त्या आल्याच नाहीत. कारण कुणीतरी ठरवलं होतं की प्रत्येक वस्तूला करणारीचा फोटो आणि तिची कहाणी असलेलं लेबल लावायचं, विक्री वाढते म्हणून. ज्यांचे भाऊ-बहिणी अजून मागे राहिलेत त्यांच्यासाठी एक फोटो केवढा धोका आहे, याचा विचारच केला नाही कुणी. लेबलवर नुसतं खामक छापायचं ठरलं, तसा निरोप गेला, तेव्हा त्या परत आल्या. कहाणी सांगूच नये असं नाही हां. लाओसमधून पळालेल्या ह्मोंग जमातीच्या बायकांनी 1975 नंतर थायलंडच्या छावण्यांमध्ये मेकाँग नदी ओलांडल्याची चित्रं कापडावर भरली, ती आज म्युझियममध्ये आहेत. पण सांगायचं की नाही, किती, कुणाला, हे जिचं आहे तिने ठरवायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2011 च्या मानसिक प्रथमोपचाराच्या मार्गदर्शिकेतही स्पष्ट आहे की घडलेलं सांगायला माणसावर दबाव आणू नका.

पाचव्या महिन्यात त्या बोलल्या, माझ्याकडे न बघता, हात चालू ठेवून. रात्री झोपच लागत नाही, दाराचा आवाज झाला की मुलीला कवटाळतात. त्यांना मी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं, औषध सुरू झालं. भरतकामाने हे बरं होतं असं मी कुणालाच सांगत नाही. जेवण तुटलं, अनेक रात्री झोप नाही, मुलांकडे लक्ष नाही, जगण्यात अर्थ नाही असं तोंडात यायला लागलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी तज्ज्ञांना फोन करायचा, मग ती वर्गात कितीही छान काम करत असो.

फोनवरच्या ताईंना मी म्हटलं, गप्प राहणं म्हणजे आजार नव्हे, येतायत ना न चुकता, ते बघा आधी. शेजारी बसा, उसवलेलं का उसवलं एवढं विचारा, आणि दुभाषी कोण आहे ते तपासा.

काल त्यांचा मेसेज आला. विचारलं म्हणे. बाईंनी कापड डोळ्यांजवळ नेऊन दाखवलं, टाके एकावर एक गेलेत, त्यांना ते दिसतच नाहीत. आता शनिवारी दोघी चष्म्याचा नंबर काढायला जातायत.