72 हजारांचा सायलेन्सर आणि संपलेला विमा

प्रश्न: वय 31, कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरी, पगार हातात 46 हजार. घरी पत्नी आणि दोन वर्षांची मुलगी. 2023 मध्ये 650 सीसीची गाडी घेतली. हप्ता साडेआठ हजार, कर्ज 1 लाख 60 हजार बाकी. लांबच्या टूरसाठी सायलेन्सर बदलायचा आहे. स्लिप-ऑनची (फक्त मागच्या डब्यांची) जोडी 30 हजारांना, की कॅटलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून फुल सिस्टीम (इंजिनपासूनचे सगळे पाइप), ईसीयू रीमॅपसह (इंजिनच्या संगणकाची सेटिंग बदलून) 72 हजारांना? दुकानदार म्हणतो सहा-सात एचपी (हॉर्सपॉवर) वाढेल, विकताना पैसेही वसूल होतील. रक्कम कार्डावर 12 हप्त्यांत भरेन. गाडीचा पाच वर्षांचा विमा आणि माझी सहा लाखांची आयुर्विमा पॉलिसी आहे, ती बाजू पक्की आहे.

उत्तर: ती बाजू पक्की नाही, आणि मला काळजी तिचीच वाटते.

सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान तो भरतो. तुमच्या स्वतःच्या गाडीचा भाग, म्हणजे ओन डॅमेज, शोरूममध्ये बहुतेक वेळा एकाच वर्षाचा देतात. चालकाचा 15 लाखांचा अपघात विमाही बऱ्याचदा तसाच. तुम्ही पाठवलेल्या कागदावर दोन्हींची मुदत 2024 मध्येच संपली आहे. 'पाच वर्षं बघायला नको' असं ज्याने सांगितलं, त्याने अर्धवट सांगितलं.

म्हणजे गगनबावड्याच्या पावसात आणि आंबोलीच्या धुक्यात तुम्ही स्वतःच्या आणि गाडीच्या विम्याशिवाय फिरताय, आहे तो फक्त थर्ड पार्टी. गाडी चोरीला गेली तर हातात रुपया येणार नाही, आणि दीड लाखाचं कर्ज फेडत बसावं लागेल. हे सगळं टाळायला किती लागतं? ओन डॅमेजला साधारण चार-पाच हजार, अपघात विम्याला पाचशेच्या आसपास. तुमच्या एका हप्त्याहून कमी. मुदत संपून 90 दिवस उलटल्यामुळे नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याची सवलत) गेला, तो विसरा. कंपनी गाडीचे फोटो किंवा व्हिडिओ मागेल. ती तपासणी होईपर्यंत मूळचा सायलेन्सर काढू नका.

आता सहा लाखांची पॉलिसी. तुम्ही गेलात तर घरच्यांना तेरा महिन्यांच्या पगाराएवढे पैसे मिळतील. तुमची मुलगी दोन वर्षांची आहे! हप्ता महिना तीन हजार, 20 वर्षांत 7 लाख 20 हजार भरायचे आणि एजंटच्या कागदावर शेवटी 12 लाख. परतावा पाच टक्क्यांच्या आत. पीपीएफच्या सध्याच्या 7.1 टक्क्यांनी तेच पैसे 15 लाखांच्या जवळ जातात. याला गुंतवणूक म्हणून विकणं मला मान्य नाही, आणि विमा म्हणून तर ती फारच तोकडी आहे. एक कोटीचा टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा विमा) तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, महिना हजार-बाराशेत बसतो. आधी तो घ्या. तो मंजूर झाल्यावरच जुन्या पॉलिसीला हात लावा. आज बंद केली तर किती मिळतील आणि पेड-अप केली (पुढचे हप्ते थांबवून कमी रकमेवर चालू ठेवली) तर शेवटी किती, हे दोन्ही आकडे शाखेतून लेखी घ्या.

राहिला सायलेन्सर. फुल सिस्टीम नको. 72 हजारांचे 15 टक्क्यांनी 12 हप्ते केले तर महिना साडेसहा हजार. व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी धरून 80 हजारांच्या घरात. गाडीच्या हप्त्यासह पगाराचा तिसरा हिस्सा एका दुचाकीवर. कॅटलिटिक कन्व्हर्टर काढला की आवाजाचा आणि धुराचा, दोन्ही नियम मोडतात. कलम 190(2) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. एचपीचा दावा डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) आधी-नंतर मोजून दाखवला तरच ऐका. आणि विकताना गिऱ्हाईक अशा बदलाचे जास्तीचे पैसे देत नाही, उलट मूळचा सायलेन्सर कुठंय म्हणून विचारतं.

स्लिप-ऑनमध्ये मागचा डबाच बदलतो. कन्व्हर्टर जागेवर ठेवून, डीबी किलर (आवाज दाबणारा आतला भाग) न काढता, कायद्याच्या मर्यादेत बसणारा मिळाला तर पुढच्या वर्षी रोखीने घ्या. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. दोन्ही बाजूंच्या सॅडलबॅग लावून बघा, गरम पाइपला त्या लागता कामा नयेत. एकाच वेगाने सात-आठ तास चालवताना आवाजाची घरघर डोक्यात जाते, म्हणून उद्यमनगरात दुकानासमोर रेस करून निर्णय घेऊ नका. तोच बसवलेल्या कुणाच्या तरी गाडीवर हायवेने कागलपर्यंत जाऊन या.

पॉलिसीचे दोन लेखी आकडे मिळाले की मला पाठवा, ती बंद करायची की पेड-अप ते त्यावर सांगतो.