'कोरोनाने मृत्यू' की 'कोरोनाबाधिताचा मृत्यू'?

प्रश्न असा: बातम्यांत कधी 'कोरोनाने मृत्यू' असायचं, कधी 'कोरोनाबाधितांचे मृत्यू'. दोन्ही एकच ना?

नाही. 'ने' हा तृतीयेचा प्रत्यय इथे कारण सांगतो. 'तापाने गेला' म्हटलं की दोष तापाचा. 'बाधिताचा मृत्यू' एवढंच सांगतो की गेलेल्याला लागण झाली होती. कशाने गेला ते गुलदस्त्यात. देशादेशांच्या आकड्यांतले बरेचसे घोळ याच फटीतले.

इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२० पर्यंत रोजच्या आकड्यात, चाचणी कधीही पॉझिटिव्ह आलेला माणूस गेला की धरला जाई. मधे ठणठणीत बरा होऊन अपघातात गेला तरीही. मग चाचणी पॉझिटिव्ह आल्यापासून २८ दिवसांत गेला तरच धरायचा, अशी मर्यादा आली आणि ब्रिटनचा एकूण आकडा एकदम पाच हजारांहून जास्त घसरला. (जिवंत कुणीच झालं नव्हतं!) तरी हा आकडाही 'बाधितांचे मृत्यू' याच जातीचा. 'ने'वाला आकडा तिथे मृत्यूच्या दाखल्यांवरून वेगळा काढत. बेल्जियमने तर वृद्धाश्रमांतले चाचणी न झालेले संशयितही धरले.

आपल्याकडे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा जो 'नमुना ४' हा दाखला भरतात, त्यात हा 'ने' नेमका सापडतो. पहिल्या भागात कारणांची साखळी: वर तात्कालिक कारण, समजा श्वसन निकामी होणं; खाली न्यूमोनिया; त्याखाली कोविड. सर्वांत खालची ओळ म्हणजे मूळ कारण. जुना मधुमेह जातो दुसऱ्या भागात. तोच मधुमेह कुणी मूळ कारणाच्या ओळीत लिहिला, की माणूस कोविडच्या हिशेबातून बाहेर.

चाचणी, दाखला दोन्ही बाजूला ठेवून, एरवी जितके मृत्यू झाले असते त्याहून किती जास्त झाले, हाही हिशेब करतात. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२०-२१ साठी असा अंदाज दिला: १ कोटी ४९ लाख. कोविडचे म्हणून नोंदलेले होते सुमारे ५४ लाख. भारताविषयीचा अंदाज आपल्या सरकारने अमान्य केला. अशा एरवीपेक्षा जास्तीच्या मृत्यूंना 'अतिरिक्त मृत्यू' म्हणतात. मला त्यात अतिरिक्त आयुक्त दिसतो. 'जादा' म्हटलं तर गणपतीच्या एसटी गाड्या. 'वाढीव मृत्यू' बरा.

आणि 'मृत्युदर' लिहिताना त्यु ऱ्हस्वच, 'मृत्युपत्र'सारखा. मात्र दर लोकसंख्येमागे की बाधितांमागे, ते सोबत लिहा.