‘जीवाश्म शंख’ की शाळिग्राम?

प्रश्न असा आहे: मुंबईतल्या एका प्रदर्शनात ॲमोनाइटचा, म्हणजे फार पूर्वी नामशेष झालेल्या वेटोळ्या कवचाच्या समुद्री प्राण्याचा, कापून घासलेला अर्धा तुकडा घेतला, मादागास्करचा. चिठ्ठीवर ‘जीवाश्म शंख’ लिहिलंय. हे मराठी बरोबर आहे का, की सरळ शाळिग्राम म्हणावं?

आधी ‘जीवाश्म’. जीव अधिक अश्म, म्हणजे दगड, ‘अश्मयुग’मधला तोच. हे नाम आहे, विशेषण नाही. म्हणून ‘शंखाचा जीवाश्म’ किंवा ‘अश्मीभूत शंख’ म्हणावं. ‘जीवाश्म शंख’ कानाला खटकतं ते यामुळेच.

पण मला खरी अडचण वाटते ती ‘शंख’ची. आपल्या भाषेत शंख म्हटला की तो फुंकायचा. ‘शंख करणे’ म्हणजे बोंब मारणे, तेही त्या आवाजावरूनच. शंखाची पोकळी तोंडापासून शेंड्यापर्यंत सलग असते, म्हणून तर शेंडा कापला की तो वाजतो. आता तुमचा तुकडा उजेडात धरून पाहा. वेटोळ्याच्या आत पडदे दिसतील, एकामागून एक, मध्याकडे लहान होत गेलेले. काही कप्प्यांत मधाच्या रंगाचं कॅल्साइट हे खनिज भरलेलं असेल. प्राणी राहायचा तो फक्त सर्वांत बाहेरच्या कप्प्यात. आतल्या कप्प्यांतून एक बारीक नळी तेवढी जायची. हा वाजणार कसा?

शिवाय शंखातला जीव गोगलगायीच्या गोतातला. ॲमोनाइट मात्र मासळीबाजारात मिळणाऱ्या माकुलाच्या (स्क्विडच्या) गोतातला. औषधी दुकानात ‘समुद्रफेन’ मिळतो ना, तो एका जातीच्या माकुलाच्या अंगातलाच भाग, आणि त्यातही असेच बारीक कप्पे असतात. हे नातं कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

शाळिग्राम हा शब्द मी इथे वापरणार नाही. नेपाळातल्या काळी गंडकीच्या पात्रातले काळे गोटे, ज्यांच्यात ॲमोनाइटच्या वेटोळ्याचं चक्र दिसतं, ते शाळिग्राम. तुळशीच्या लग्नात बसतो तो. म्हणजे तिथे ॲमोनाइट असतो खरा, पण शब्द त्या नदीचा आणि पूजेचा आहे. तो मादागास्करच्या तुकड्याला लावला तर अर्थ पातळ होतो.

‘ॲमोनाइट’ हे नाव परकं म्हणून टाळायचं कारण नाही. मेंढ्याची शिंगं असलेल्या आमोन या इजिप्तच्या देवावरून ते आलंय, आणि वेटोळं पाहिलं की ते पटतं.

चिठ्ठीवर ‘ॲमोनाइटचा जीवाश्म, मादागास्कर’ एवढं लिहा. आणि ‘जीवाश्म’ पुल्लिंगी ठेवा: एक जीवाश्म सापडला, चार जीवाश्म सापडले.