‘खुसरो’ हे नाव ‘खुश’वरून आलं आहे का? अमीर खुसरोंच्या आधी ते कुणाचं होतं?

नाही, ‘खुश’शी या नावाचं काही नातं नाही. आणि १२५३ साली कवी अमीर खुसरो जन्मले तेव्हाही ते फार जुनं होतं.

पारशांच्या अवेस्ता या प्राचीन इराणी धर्मग्रंथात ते ‘हओस्रवह’ असं येतं. संस्कृतात जिथे ‘स’ असतो तिथे इराणी भाषांत पुष्कळदा ‘ह’ असतो. आपला ‘सप्त’ तिकडे ‘हफ्त’, आणि त्यातूनच ‘हप्ता’ मराठीत आला. हाच नियम इथे उलटा लावून पाहा: सुश्रवस्! श्रवस् म्हणजे कीर्ती, लोकांच्या कानावर जाते ती. संस्कृतातून हे नाव तिकडे गेलं असं मात्र समजू नका. दोन्ही भाषांना ते एकाच पूर्वज भाषेकडून मिळालं. पुढे फारसीत सुरुवातीच्या ‘ह’चा ‘ख’ झाला.

पुतण्याच्या मुंजीत ‘अग्ने सुश्रवः सुश्रवसं मा कुरु’ हा पारस्कर गृह्यसूत्रातला मंत्र कानी पडला, तेव्हा मी अक्षरशः थबकलो. अग्नीपुढे बसलेला बटू त्याच्याकडे हेच मागत होता: मला सुश्रवा कर. ऋग्वेदातही (१.५३) सुश्रवस् नावाचा एक एकाकी राजा आहे. त्याच्यावर वीस राजे ६०,०९९ माणसं घेऊन चालून येतात आणि इंद्र त्याला तारतो. तो आणि याच नावाचा इराणी कथांतला राजा एकच, असं मी म्हणणार नाही.

इराणचा तो राजा म्हणजे कैखुसरो. यातला ‘कै’ हा अवेस्तातला ‘कवि’. आपल्याकडे द्रष्टा, तिकडे राजाची पदवी. शाहनामा या फारसी महाकाव्यात तो बाप सियावुशच्या खुनाचा सूड घेतो, तोही स्वतःच्या आजोबांवर, अफरासियाबवर. मग ऐन वैभवात राज्य सोडून डोंगरात जातो आणि दिसेनासा होतो. मागे राहिलेले सोबती बर्फात गाडले जातात. मला दर वेळी पांडवांचं महाप्रस्थान आठवतं.

इतिहासातला सर्वांत मोठा खुसरो म्हणजे इराणच्या सासानी घराण्यातला सम्राट अनुशिरवान (राज्यकाळ ५३१–५७९). त्याच्याच दरबारातल्या बुर्झोय या वैद्याने पंचतंत्र पहलवीत, म्हणजे तेव्हाच्या फारसीत नेलं, आणि तिथून त्या गोष्टी अरबीमार्गे युरोपात पोचल्या. त्याचा नातू खुसरो परवेझ, शिरीनचा प्रियकर, ६२८ मध्ये मारला गेला. अरबांनी या नावाचं ‘किस्रा’ केलं आणि सगळ्याच सासानी बादशहांना ते लावलं.

आपल्याजवळचा खुसरो म्हणजे जहांगीरचा थोरला मुलगा. बापाविरुद्ध बंड केलं, डोळे गमावले, आणि १६२२ मध्ये बुऱ्हाणपुरात भाऊ खुर्रमच्या (पुढचा शाहजहान) कैदेत मेला. त्याची कबर प्रयागच्या खुसरो बागेत आहे.

मुंबईच्या पारशी घरांत हे नाव ‘खुशरू’, ‘केखुशरू’ असं आजही ऐकू येतं. तुमचा ‘खुश’चा समज बहुधा याच उच्चारामुळे झाला असावा.