वाचक विचारतात: सोलरची वायर नेमकी कुठे जोडायची?

प्रश्न (खानापूर): स्लॅबवर ३ किलोवॅटचं सोलर बसवलंय, पण लाइट गेली की तेही बंद पडतं. पावसाळ्यात इथं लाइट तासन्‌तास जाते. वायरमन म्हणतात, जुन्या बॅटरी इन्व्हर्टरच्या आउटपुटला सोलर जोडलं तर लाइट नसतानाही चालेल. जोडू का?

उत्तर: अजिबात नको. लाइट गेल्यावर सोलर बंद पडणं हा बिघाड नव्हे. ते चालू राहिलं असतं तर तुमचा करंट हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) तारेत गेला असता आणि खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेतलं असतं.

वायरमन म्हणतात तसं जोडलं की काय होतं ते पाहा. लाइट गेल्यावर जुना इन्व्हर्टर बॅटरीवर २३० व्होल्ट देऊ लागतो. सोलर इन्व्हर्टर त्यालाच हेस्कॉमची लाइन समजतो आणि थोड्या वेळात सुरू होतो. घरात पंखे-दिवे मिळून तीनशे वॅट, वरून येतात दोन हजार. उरलेली वीज जुन्या इन्व्हर्टरमध्ये उलटी शिरते. ती घ्यायला तो बनवलेलाच नसतो. त्याचे मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे आतले भाग) जळतात किंवा बॅटरी बेसुमार चार्ज होऊन पाणी उकळतं.

सोलरची जागा मीटर आणि मेन स्विचनंतरच्या मुख्य डीबीत (वीज वाटणाऱ्या बोर्डात), स्वतंत्र डबल पोल एमसीबीवर (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या स्विचवर). ३ किलोवॅटला भर उन्हात १३ अँपिअर येतात, तेव्हा २० अँपिअरचा एमसीबी पुरे. जुना इन्व्हर्टर त्याच्या पुढे, घरातल्या लोडच्या बाजूला. लाइट नसताना सोलर हवंच असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) घ्यावा लागेल. खर्च बराच वाढतो, म्हणून त्यावर दिवे, पंखे, फ्रिज एवढंच ठेवा, पाण्याची मोटर नको. इन्व्हर्टर बदलण्याआधी हेस्कॉमला कळवा.

प्रश्न (निपाणी): इन्व्हर्टर सकाळी नीट चालतो, ऐन दुपारी ‘ग्रिड ओव्हर व्होल्टेज’ (लाइनचा व्होल्टेज जास्त) असं दाखवून थांबतो. मीटर फाटकाजवळ, ३० मीटरवर आहे. वायर २.५ चौरस मिलिमीटरची.

उत्तर: वायर बारीक पडतेय. सोलरचा करंट घरातून मीटरकडे जातो, त्यामुळे वायरीत जेवढे व्होल्ट पडतात तेवढे इन्व्हर्टरपाशी चढलेले दिसतात. तुमच्या वायरीत जाऊन-येऊन ६० मीटरला सुमारे ०.४५ ओहम, म्हणजे १३ अँपिअरला जवळपास ६ व्होल्ट. लाइन २४८ असली की इन्व्हर्टरला २५४ दिसतात, आणि मर्यादा २५३ ची. ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकली तर ही वाढ अडीच व्होल्टवर येईल.

पण आधी भर दुपारी, सोलर चालू असताना, जाणत्या वायरमनकडून मीटरपाशी आणि इन्व्हर्टरपाशी व्होल्टेज मोजून घ्या. मीटरपाशीच २५० च्या वर असेल तर दोष लाइनचा. आकडे लिहून हेस्कॉमच्या सेक्शन ऑफिसात तक्रार द्या. इन्व्हर्टरची मर्यादा सेटिंगमध्ये वाढवून देतो म्हणणाऱ्याला मात्र थांबवा, चढा व्होल्टेज मग घरातल्या टीव्ही-फ्रिजला सोसावा लागतो.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): बिल अजून आजोबांच्या नावावर आहे. सबसिडी मिळेल?

उत्तर: आधी आर.आर. नंबर (बिलावरचा वीज जोडणीचा नंबर) स्वतःच्या नावावर करून घ्या, मगच पीएम सूर्यघर या केंद्राच्या सबसिडी योजनेचा अर्ज भरा. २ किलोवॅटला ६०,००० आणि ३ किंवा त्याहून जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये मिळतात, तेही डीसीआर पॅनेलवरच, म्हणजे ज्यांचे सेल आणि पॅनेल दोन्ही भारतात बनलेत त्यांवरच. बिलावर डीसीआर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.