मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा टोल 270 वरून 320 झाला, रोज ये-जा करणाऱ्याला महिन्याला नेमका किती फटका बसतो?

कारसाठी एका फेरीला 50 रुपये वाढले. म्हणजे जाऊन-येऊन 100, आणि महिन्याचे 22 कामाचे दिवस धरले तर 2,200 रुपये जास्त. एकूण टोल 14,080 रुपये! यात पेट्रोल धरलेलंच नाही. एवढ्यात पुण्यात एक खोली भाड्याने मिळते.

ही वाढ 1 एप्रिल 2023 पासूनची. दरवर्षी 6 टक्के धरून तीन वर्षांची एकदम 18 टक्के, अशी ती आधीच ठरलेली होती. पगार असा ठरल्या तारखेला वाढत नाही, हेच खरं दुखणं आहे.

15 ऑगस्ट 2025 ला 3,000 रुपयांत सुरू झालेला वार्षिक फास्टॅग पास (200 फेऱ्या) अनेकजण सुचवतात. पण तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. हा रस्ता एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळ), म्हणजे राज्याचा. इथे तो चालत नाही, 320 कापले जातातच. अटल सेतूवरही हा पास चालत नाही. जुन्या हायवेने गेलात तरी टोल आहेच, वर घाटात वेळ जातो.

मुंबईच्या पाचही नाक्यांवर ऑक्टोबर 2024 पासून कारना टोलमाफी मिळाली, मग रोजच्या प्रवाशांना इथे निदान मासिक सवलत का नको? ती मागायलाच हवी. तोवर चौघांनी मिळून एक गाडी काढा, टोल माणशी 3,520 वर येतो.